चौकातली कोरी जागा

मोबाइलवर काढत असलेल्या सिनेमाचं शेवटचं दृश्य उरलं होतं आणि मंगेशचा जीव थाऱ्यावर नव्हता. पोशेरा गावच्या खळ्यावर कापसाचे ढग लटकले होते, नागलीच्या भाकरीचा चंद्र दोऱ्यावर गरगरत होता, ताडपत्रीची नदी हलवायला पोरं बसली होती. नायकाला पडलेल्या स्वप्नातलं लग्न तेवढं राहिलं होतं. नायक तो स्वतः, नायिका सुषमा. तिला चारच्या एसटीने नोकरीसाठी ठाण्याला जायचं होतं. गावातल्या लग्नघरांच्या भिंतींवर चौक काढणाऱ्या बाळीआत्याने मागे उभ्या केलेल्या पुठ्ठ्यावर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक काढला, पण मधली देवीची जागा कोरीच सोडली. “आत्ये, देवी काढ ना, उशीर होतोय,” मंगेश म्हणाला. “खोट्या लग्नात देवी बसत नाय.” मंगेशची मान खाली गेली. सुषमाला वर्षभर सांगायचं राहिलेलं आताही ओठांवर येईना. तिनेच पिठाची वाटी उचलून आत्याच्या हातात दिली. “काढा,” ती म्हणाली, “एसटी काय, उद्याबी जाते.”