एवेलिओचं पुस्तक

कोचाबांबाच्या विद्यापीठामागे माझं झेरॉक्सचं दुकान आहे. पुस्तक कसं आहे ते आमच्या गल्लीत रांगेवरून कळतं. चांगलं असलं, की पोरं एकच प्रत आणतात आणि अख्ख्या वर्गाला झेरॉक्स काढून नेतात.

माझा एवेलिओ तिथेच प्राध्यापक. पहिल्या वर्षासाठी त्याने भौतिक रसायनशास्त्राचं पुस्तक लिहिलं, पण गठ्ठे घरातच पडून राहिले. काल तो तावातावाने दुकानात आला.

"आई, माझ्या पुस्तकाच्या झेरॉक्स तूच देतेस ना पोरांना? म्हणून खपत नाही ते. पोटच्या पोराच्या ताटात माती कालवलीस."

"हो बाबा, मीच. जा, बायकोलाही सांग, सासू चोर आहे म्हणून."

त्याचा चेहरा एकदम हलका झाला.



त्याचं पुस्तक घेऊन आजवर एकही पोरगं माझ्या दुकानाची पायरी चढलेलं नाही.