शेजारची खुर्ची

ऑकलंडहून आलेल्या दिग्दर्शकाने तोंगातल्या पांगाई गावी, चर्चच्या हॉलमध्ये पहिल्या रांगेतल्या दोन खुर्च्यांवर चिठ्ठ्या लावल्या. एक लोसालिनेची. शेजारची तिच्या थोरल्या भावाची, फेलेतीची.

बायका तोंडावर हात धरून हसल्या. बहीण-भावाने एका छपराखाली सिनेमा बघायचा नसतो, हे तोंगात शेंबड्या पोरालाही कळतं. त्यातून सिनेमा बहिणीच्याच आयुष्यावर, आणि बहीण कोण, तर जिच्या प्रेमकथा ऑकलंडपासून होनोलुलूपर्यंत बायका उशाशी घेऊन झोपतात. फेलेतीने त्यातली एकही उघडली नव्हती. भावाने बहिणीची प्रेमप्रकरणं वाचायची कशी? सगळं जग वाचून मोकळं झालं, घरचा माणूस तेवढा कोरा राहिला. लोसालिनेच्या मनातली ही सल कुठल्याच बक्षिसाने गेली नव्हती.

"फेलेती कुठे आहे?" दिग्दर्शकाने विचारलं.

"मागच्या अंगणात डुकरं भाजतोय, आणि तिथंच राहणार," मेलिआमे आत्या म्हणाली. "त्या खुर्चीवर माझी पिशवी ठेवते बाबा, वाया नको जायला."

खेळ एकच होता. सकाळच्या बोटीने पडदा आणि मशीन परत जायचं होतं. खिडक्यांवर चटया टांगल्या गेल्या, अंधार झाला, पडद्यावर लोसालिनेचं नाव आलं आणि हॉल टाळ्यांनी दणाणला. त्या टाळ्यांतच ती उठली आणि मागच्या दाराने बाहेर गेली.

फेलेती निखाऱ्यांवर सळई फिरवत बसला होता. तिला बघून त्याने नजर खाली वळवली.

"सळई इकडे दे. आत जा."

"सिनेमा तुझा आहे."

"म्हणून तर. मला गोष्ट माहितीये."

"लोक काय म्हणतील? जिचा सत्कार, ती धुरात."

"आपल्यात बहिणीचा शब्द भाऊ मोडत नाही. का आज तेही नको पाळायला?"

त्याने हात पुसले आणि आत गेला.

समारंभाला कमरेभोवती गुंडाळतात ती नवी चटई सावरत ती सळईपाशी बसली. आत हॉल मधूनमधून हसत होता. पहिल्या पुस्तकाला बक्षीस मिळतं तो प्रसंग आला असावा, कारण आत एकदम चिडीचूप झालं. बराच वेळ काही ऐकू येईना. उठून गेला वाटतं, असं तिच्या मनात आलं.

मग आतून एकट्या माणसाचा आवाज आला. "मालिए! मालिए!" नाच रंगला की गावकरी देतात ती दाद. फेलेतीने ती आजवर कुणालाच दिली नव्हती. पाठोपाठ सगळा हॉल ओरडायला लागला.

आत्या पंख्याने वारा घेत बाहेर आली. "अगं, लक्ष कुठंय तुझं? डुक्कर जळतंय."

"जळू दे," लोसालिने म्हणाली. "ऐक ना, तो अजून ओरडतोय."