बाहेरचं उत्तर

फेब्रुवारी २००४, दुपारी एक. देवासच्या ऑफिसात विपुलचा कंपायलर, म्हणजे कोडच्या फाइलींमधून प्रोग्राम तयार करणारं सॉफ्टवेअर, पहिल्यांदाच झटपट चालला. आजवर एका फाइलीत टिंब बदललं, तरी तिच्यावर अवलंबून असलेल्या सगळ्या फाइली तो नव्याने तयार करत बसे. विपुलने त्याला शिकवलं होतं, की फाइल बाहेर देते ते उत्तर तेच असेल, तर बाकीच्यांना हात लावायचा नाही.

"और भिया, आतलं सगळंच बदललं असेल तर?" शेजारच्या टेबलावरून अंकुरने विचारलं.

"उत्तर तेच आहे ना? मग कशाला वेळ घालवायचा?"

त्याच खुशीत त्याने धारला राहणाऱ्या आईला, माईला, रोजचा फोन लावला.

"मी बरी आहे रे. तू जेवलास?" माई म्हणाली.

"हो," म्हणून तो फोन ठेवणार, तोच तिकडे माईच्या शेजारच्या वासंतीकाकूंनी रिसीव्हर घेतला. "विपुल, माईंना डॉक्टरकडे कधी नेतोस?"

"कशाला काकू? बरी आहे म्हणाली की आत्ता."





"अरे, दिवाळीपासून त्यांना तेवढंच बोलता येतं. दूधवाल्यालाही तेच म्हणतात."