उलट्या फेऱ्याचं बारसं

"यान डावीकडे वळलं, तर मी डोक्यावर पदर घेऊन सगळ्यांसमोर पाळणा म्हणेन!" यानाचं वळण सांभाळणारे फडतरे म्हणाले.

"लागली पैज!" शेजारच्या पेंढारकरांनी टाळी दिली.

यानाला उजवीकडे फक्त दहा अंश वळायचं होतं, म्हणजे अँटेना पृथ्वीकडे झाला असता. तिथे मंदाताईंच्या भाचीचं बारसं होतं. नाव आत्याने सांगायचं, आणि आत्या इथे अंतराळात. मुहूर्ताला अर्धाच तास उरला होता.

यान डावीकडे वळलं, आणि वळतच राहिलं.

"अहो फडतरे, पृथ्वी मागे चालली!" मंदाताई रडवेल्या झाल्या.

"कुठूनही निघालं तरी शेवटी ठरल्या दिशेलाच स्थिर होणार, हे गणिताने सिद्ध आहे. पण असं उलटं का?" फडतरे पुरते गोंधळले.

"सकाळी सत्यनारायणाला तुम्हीच यानाकडून स्वतःभोवती अख्खी उजवी प्रदक्षिणा घालून घेतलीत ना?" पेंढारकर खिदळले. "त्याने तो फेरा मोजून ठेवलाय. आता तो उलगडत दहा अंशांवर येतंय!"

तीनशे पन्नास अंश फिरून, मुहूर्ताला मिनिटभर असताना, पृथ्वी समोर आली. मंदाताईंनी घाईघाईने नाव सांगितलं, "इरावती!"

मग फडतऱ्यांनी पदर घेतला आणि भसाड्या आवाजात पाळणा धरला.

पृथ्वीवरून आजोबांनी विचारलं, "मंदे, तुझ्यामागे ही दाढीवाली आत्या कोण गं?"