मोठे वळण

सूनबाईंनी क्लच सोडला आणि कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या सासऱ्यांचा डावा पाय चपलेतल्या चपलेत हळूच वर आला.

"बाबा, बाकावर बसा ना. सगळे बसलेत," मुलगा म्हणाला.

"बसलोच आहे," त्यांनी उभ्याउभ्याच उत्तर दिले.

वाहनपरवान्याची चाचणी घेण्याचे ते पटांगण होते. पांढऱ्या पट्ट्यांनी आखलेला अरुंद मार्ग, आणि त्याच्या टोकाला उजवे वळण. घरच्याच छोट्या गाडीत सूनबाई चालकाच्या जागी. शेजारी मांडीवर हात ठेवून बसलेले परीक्षक. म्हातारे गृहस्थ तारेचे कुंपण धरून गाडीच्या गतीने चालू लागले. गाडी अडखळली की ते अडखळत, सुटली की सुटत.

उभी हयात त्यांनी शहराची बस चालवली होती. सेवानिवृत्त झाल्यापासून घरातील एकही खुर्ची त्यांना मानवली नव्हती. रोज सकाळी सूनबाईंना गाडी शिकवणे, एवढेच एक कार्य त्यांच्या वाट्याला उरले होते. तेही मुलाच्या अटीवर. शिकवायचे ते केवळ तोंडाने, स्टिअरिंगला हात लावायचा नाही.

"आजही नापास झाली तर मी तिला क्लास लावणार," मुलगा मागून येत म्हणाला. "तुमची दगदग वाचेल."

"दगदग कसली रे?"

"गुडघे बघा तुमचे. आता आराम करायचा."

"आराम करून करून पाठ धरलीय माझी. गप्प बस. वळण आलं."

वळण आले होते. सूनबाईंनी गाडी आधी डावीकडे ओढली, पार पुढे नेली, आणि मग एखादा गजराज वळावा तशी संथ, भारदस्त चालीने उजवीकडे घेतली. डावी चाके पांढरी पट्टी खुशाल ओलांडून गेली.

"शाब्बास!" सासरे पुटपुटले.

गाडी थांबली. परीक्षक खाली उतरले, पट्टीकडे पाहिले, मग गाडीच्या मागच्या बाजूला वाकून पाहिले.

"बाई, मागे काय आगगाडी जोडलीय? हे असलं वळण कुणी लावलं तुम्हाला?"

"आमच्या सासऱ्यांनी," सूनबाईंनी कुंपणाकडे बोट दाखवले.

म्हातारे तोवर फाटकातून आत पोचलेही होते. "काय चुकलं, साहेब? मागची चाकं नेहमी आतून येतात. त्यांना जागा नको ठेवायला? कोपऱ्यावर कुणी उभं असलं म्हणजे?"

परीक्षकांच्या चेहऱ्यावरचे हसू निमाले. "बस चालवायचात का, काका?"

"हो."

"मग बससाठी अगदी बरोबर आहे. पण हिला शेपूट नाही हो. ही जिथल्या तिथं वळते." त्यांनी सूनबाईंकडे पाहून नकारार्थी मान हलवली. "पुढच्या आठवड्यात या."

परीक्षक निघून गेले. म्हातारे गृहस्थ त्या पट्टीवरचा चाकाचा ठसा न्याहाळत राहिले. मग चपलेच्या टोकाने तो पुसण्याचा त्यांनी प्रयत्न केला. तो पुसला गेला नाही.

"मीच शिकवलं चुकीचं," ते म्हणाले. "लाव तिला क्लास."

"मी तेच म्हणत होतो, बाबा," मुलगा समजुतीच्या सुरात म्हणाला. "तुम्हाला वाईट वाटायला नको म्हणून—"

"क्लासबिस काही नको," सूनबाई मध्येच म्हणाल्या. "बाबांनी सांगितलं तस्संच केलं ना मी? म्हणजे विद्यार्थिनी पास. मास्तर नापास झालेत. शिकायचं तर आधी मास्तरांनी शिकायला हवं. अहो, किल्ली द्या यांना."

"यांना? या वयात?"

"परवाना आहे त्यांच्याकडे. माझ्याकडे नाही."

मुलाने गाडीतली किल्ली काढली. किल्ली समोर आली तेव्हा म्हाताऱ्यांनी हात पुढे केला नाही. तो त्यांनी सदऱ्याला पुसला. "छोट्या गाडीवर माझा हात नाही बसलेला, पोरी."

"बसेल. आणि तुम्ही," सूनबाई नवऱ्याला म्हणाल्या, "पलीकडच्या मोकळ्या जागेत जाऊन मध्यभागी उभे राहा. आम्हाला खांब हवाय."

"अगं, पण—"

"खांब बोलत नसतो."

पहिली फेरी मुलाभोवती झालीच नाही. ती त्या अवघ्या मोकळ्या जागेभोवती झाली. वळताना म्हाताऱ्यांचे हात आपसूक उलट दिशेला जात.

"शेपूट, बाबा, शेपूट!" सूनबाई शेजारून ओरडत.

आरशात रिकामे आसन स्पष्ट दिसत होते. तरीही त्यांचे खांदे मागच्या माणसांसाठी जागा धरून ठेवत. कपाळावरचा घाम भुवईपर्यंत उतरला, तो पुसण्यासाठी हात मोकळा नव्हता. दात ओठांत रुतले होते. पुन्हा वळण. पुन्हा ते मोठेच. गाडी थांबवून ते क्षणभर स्टिअरिंगकडे पाहत राहिले, आणि पुन्हा निघाले. यावेळी त्यांनी ते अंमळ लवकर फिरवले. मागचे चाक कशावर तरी चढणार म्हणून त्यांनी डोळे बारीक केले. ते कशावरही चढले नाही.

धूळ उठली. मध्ये उभा असलेला मुलगा गाडीबरोबर मान फिरवून थकला.

"बाबा, पुरे आता! ऊन चढलं. घरी जाऊन जरा पडा."

गाडी त्याच्या इतक्या जवळून गेली की त्याने सदऱ्याची बाही आवरून धरली आणि तो एक पाऊल मागे सरकला.

"हलू नकोस!" खिडकीतून वडिलांचा आवाज आला. "वळण अजून लहान होतंय."