निर्जळी

सिंधुताई उमरीहून लेकाकडं हैदराबादेत राहायला आल्या. चोवीस तास नळाला पाणी, हाकेवर दवाखाना. पण ऊन जाळून काढणारं, आणि दिवसभर मराठीत बोलायला माणूस नाही. गावातल्या बौद्धवाड्यातल्या नरसिंगरावांची धम्मप्रिया वरच्याच मजल्यावर राहते हे कळलं, तशा त्या भर दुपारी जिना चढून गेल्या.

"पोरी, आधी पाणी दे गं. लई ऊन हाय."

तांब्या एका दमात रिकामा झाला. धम्मप्रिया बघतच राहिली.

"मावशी, आज उपास न्हाई वाटतं? गावाकडं आमच्या दारात आलात की तुमचा निर्जळी उपास असायचा. आई म्हणायची, लई कडक व्रत हाय त्यांचं."

सिंधुताईंची मान खाली गेली.



"ते उपास देवाचे नव्हते गं, पोरी."