खुळखुळा

"खुळखुळा आला, खुळखुळा आला!"

वरच्या मजल्यावर कुजबुज झाली, पलंग करकरले आणि धाकट्या बाई जिन्यातच थबकल्या. तेवढ्यात वरून नव्या मोठ्या बाई उतरताना दिसल्या. त्यांच्या मनगटातली सैल कडी पायरीगणिक खुळखुळत होती.

असं आहे तर! बाईसाहेबांना येऊन चार महिने होत नाहीत, तर मुलींनी लाडाचं नावसुद्धा ठेवलं.

धाकट्या बाई म्हणजे मुलींच्या या निवासी शाळेच्या उपमुख्याध्यापिका. पन्नाशी कधीच उलटली होती, तरी धाकट्याच. कारण मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. जुन्या मोठ्या बाई निवृत्त झाल्या तेव्हा ती खुर्ची आता आपलीच, असं यांनी गृहीत धरलं होतं. तिला नवी गादीही शिवून घेतली होती. संस्थेच्या अध्यक्षांनी बाहेरून एक चाळिशीची बाई आणली, आणि ती त्या गादीवर ऐसपैस बसली. किल्ल्यांचा जुडगा तेवढा धाकट्या बाईंच्या कमरेला राहिला. नव्या बाईंनी तो मागितला नाही, यांनी दिला नाही. इतकी वर्षं तो तिथेच होता की त्याचं ओझंही त्यांना जाणवत नसे.

शाळेचं काही खरं नव्हतं. दर सहामाहीला मुली गळत होत्या, एक मजला बंद करावा लागला होता आणि प्रयोगशाळेत छतातून टपकणाऱ्या पाण्याखाली बादल्या होत्या. अध्यक्षांनी दोघींना समोर बसवून सांगितलं होतं, "पुढच्या वर्षी दोघींचे पगार झेपायचे नाहीत. एकीला जावं लागेल. कोणी, ते मी परीक्षेनंतर ठरवीन."

तेव्हापासून धाकट्या बाईंना ती कडी कानात टोचायला लागली.

परिचारिका रजेवर असताना पाचवीतली बारकी तापाने फणफणली. वसतिगृहातली ही सगळ्यात लहान मुलगी. धाकट्या बाई दुपारभर तिच्या उशाशी बसून कपाळावर पट्ट्या ठेवत होत्या. प्रेमाबिमाने नव्हे, कोणीतरी बसायला हवं म्हणून, असं त्यांनी स्वयंपाकिणीला बजावून सांगितलं. पाणी बदलायला त्या उठल्या, तशी बारकी डोळे न उघडताच हसली.

"खुळखुळा..." ती पुटपुटली.

धाकट्या बाईंचा तीळपापड झाला. बसून बसून कंबर मोडली ती माझी, आणि नाव कोणाचं घेते ही कार्टी? तरी पट्टी ठेवताना हात हळूच पडला. सवयीचा परिणाम, दुसरं काय!

पुढच्या आठवड्यात नववीतल्या एका मुलीचे वडील तिचा दाखला काढायला आले. मुलीने व्हरांड्यातल्या खांबाला मिठी मारली.

"खुळखुळा आहे तोवर मी कुठेही जाणार नाही!"

वडिलांनी समजावलं, दटावलं, शेवटी हात टेकले आणि आल्या पावली परत गेले. एक मुलगी वाचली. धाकट्या बाईंना आनंद व्हायला हवा होता. त्यांच्या पोटात मात्र दुखायला लागलं.

"मुलींनी किती गोड नाव ठेवलंय, नाही?" नव्या बाई ऑफिसात म्हणाल्या.

"गोड कसलं? तान्ह्या पोराचं खेळणं ते!"

"असू दे हो. पण असं नाव मिळायला नशीब लागतं, बाई." नव्या बाईंनी हसत केस मागे सारले. कडी खुळखुळली.

वर मिरवतेय बघा! धाकट्या बाई तिथून तरातरा निघाल्या आणि दुसऱ्याच दिवशी अध्यक्षांच्या घरी जाऊन बसल्या.

"मला कोणाबद्दल वाईट बोलायचं नाही," त्यांनी सुरुवात केली. "पण मुली शाळेच्या राहिल्या नाहीत, एका बाईच्या झाल्यात. ती म्हणेल ती पूर्व दिशा. उद्या ती फिरली तर सगळ्या मुली तिच्यामागे फिरतील. अशाने शाळा बुडते, साहेब. एकीला काढायचंच आहे, तर तिलाच काढा."

"कोणाला म्हणता?"

एवढं झाल्यावर तोंडाने नाव घ्यायला धाकट्या बाई काही दुधखुळ्या नव्हत्या. उद्या कोणी म्हणायला नको, हिने खुर्चीसाठी केलं.

"माझ्या तोंडून नको. मुली तिला खुळखुळा म्हणतात. त्यांनाच विचारा."

परीक्षा संपल्यावर अध्यक्ष आले. जेवणघराचं दार लावून मुलींशी बोलत बसले. आतून हसण्याचा आवाज येत होता. मग त्यांनी दोघींना ऑफिसात बोलावलं.

नव्या बाईंचे डोळे लाल होते. ते पाहून धाकट्या बाईंना गार गार वाटलं.

"मी यांची खूप विनवणी केली," नव्या बाई खाली बघत म्हणाल्या. "ऐकायलाच तयार नाहीत."

ऐकतील कसे? धाकट्या बाईंनी चेहरा होईल तितका गंभीर केला.

"तुमचं म्हणणं मला पटलं, बाई," अध्यक्ष म्हणाले. "मुलींना विचारलं. एकजात सगळ्यांनी एकच नाव सांगितलं, तेही किती कौतुकाने! खरं सांगतो, तुमचा मोठेपणा बघून मी थक्क झालो. स्वतःहून असं कोण सांगतं? पण निर्णय झाला."

"संस्थेच्या भल्यासाठीच बोलले मी," धाकट्या बाई सवयीने म्हणाल्या. मोठेपणा कसला, ते त्यांच्या नीट लक्षात येईना.

अध्यक्षांनी हात पुढे केला. "किल्ल्या तेवढ्या यांच्याकडे द्या."

धाकट्या बाईंनी जुडगा कमरेचा सोडवला. तो हातात खुळखुळला. दाराबाहेर बारकीने टाळी वाजवली.

"खुळखुळा आला, खुळखुळा आला!"